तिफण कोणी धरली?

१३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य उत्तरा नक्षत्रात जातो. तुळजापूर, सोलापूर, बार्शी या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही तारीख पंचांग न उघडता कळते, कारण इथून रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस लागतात. पूर्वाच्या पावसाने काळी रानं भिजलेली असतात, पाऊस उघडला की वापसा येतो आणि वापसा आला की तिफण जुंपायची. उशीर चालत नाही. ही ज्वारी पेरणीनंतरच्या पावसाच्या भरवशावर नसते, जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते. वरची ओल उडाली की बी उगवायचंच अवघड होऊन बसतं.

१९४८ साली नेमक्या याच तारखेला, १३ सप्टेंबरला पहाटे, सोलापूरकडून भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी तिचे प्रमुख. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, दुपारी फौज उमरग्यात पोचली. दुसरी एक तुकडी उजाडता उजाडता तुळजापुरावर गेली. तिथे निजामाच्या पायदळाने आणि त्याच्या बाजूने लढणाऱ्या सुमारे दोनशे रझाकारांनी दोन तास झुंज दिली. तिथून लोहाऱ्याकडे निघालेल्या तुकडीला मात्र नदीच्या पुराने अडवलं. इतिहासाच्या पुस्तकात हा पूर लष्कराची अडचण म्हणून येतो. शेतकरी त्यातून दुसरंच वाचतो: पाऊस झाला होता, रानं भिजली होती, पेरणी तोंडावर होती.

सोलापूर ते तुळजापूर या रस्त्यावर साधारण निम्म्या वाटेत तामलवाडी लागते. आज तिथे राष्ट्रीय महामार्ग आहे आणि जिल्ह्याची हद्द ओलांडल्याचं एका पाटीशिवाय कशानेही कळत नाही. तेव्हा ही हद्द दोन राज्यांची होती. अलीकडे इंग्रजांचा मुंबई प्रांत, पलीकडे निजामाचा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का; सात हाली म्हणजे सहा कलदार. मध्ये जकातीचे करोडगिरी नाके. तामलवाडीसारख्या गावाचा ओढा सोलापूरच्या बाजाराकडे आणि गिरण्यांकडे, पण सारा भरायचा निजामाला. लढाईच्या काळात मागे राहिलेल्या बायकांनी शेती कशी चालवली, हे समजून घ्यायला यासारखं सीमेवरचं गाव बरं, कारण इथे दोन लढाया एकापाठोपाठ एक येऊन गेल्या. एक हजारो मैलांवरची, दुसरी बांधावरची.

हा विषय निघाला की डोळ्यांपुढे इंग्लंडचं चित्र येतं. जून १९३९ मध्ये, महायुद्ध पेटायच्या आधीच, तिथे ‘विमेन्स लँड आर्मी’ पुन्हा उभी राहिली. लेडी गर्ट्रूड डेनमन तिच्या प्रमुख होत्या. शहरातल्या दुकानांत, कचेऱ्यांत, केशकर्तनालयांत काम करणाऱ्या मुली तपकिरी विजार आणि हिरवा स्वेटर घालून गोठ्यात आणि ट्रॅक्टरवर गेल्या. ऐन भरात त्यांची संख्या ८०,००० च्या वर होती. सुरुवातीला आठवड्याचा पगार २८ शिलिंग, पुरुष मजुरापेक्षा सुमारे दहा शिलिंग कमी. त्याआधीच्या महायुद्धात, ऑगस्ट १९१४ मध्ये, फ्रान्सचे पंतप्रधान रने व्हिव्हियानी यांनी तर शेतकरी बायकांना जाहीर आवाहनच केलं होतं: नवरे आघाडीवर गेले आहेत, सुगी तुम्ही उरका आणि पुढची पेरणीही करा.

आपल्याकडे असं आवाहन करायची कोणाला गरजच पडली नसती. बाई रानात होतीच. म्हणून इंग्लंडचा प्रश्न, ‘युद्धामुळे बायका शेतात आल्या का?’, आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. आपला प्रश्न असा: गडी गेल्यावर शेतातलं नेमकं कोणतं काम अडलं?

ते कळायला कोरडवाहू शेतीतली जुनी वाटणी पाहावी लागेल. उन्हाळ्यातली नांगरट, मग मोगडणी आणि कुळवणी ही बैलांची कामं, म्हणजे पुरुषांची. पेरणीला बैल हाकणारा आणि चाड्यावर मूठ धरणारा पुरुष. तिफणीमागे मोघणं धरून करडईचं किंवा तुरीचं बी सोडत जाणारी बाई. कोळपणी पुन्हा बैलांची. खुरपणी संपूर्ण बायकांची. वाकून किंवा उकिडवं बसून, दिवसच्या दिवस. राखणीला माळ्यावर गोफण घेऊन कोणीही, बहुतेक वेळा पोरं आणि म्हातारी माणसं. ज्वारीच्या काढणीला इकडे ताटं मुळासकट उपटतात, त्यात दोघंही. उपटलेल्या ज्वारीची कणसं मोडायला बायका. खळ्यावर पात हाकायला पुरुष. उफणताना वावडीवर पुरुष उभा आणि खालून पाट्या भरून देणारी बाई. रास झाली की चाळणं, निवडणं, बियाण्याची कणसं वेगळी काढणं, राख चोळून, कडुनिंबाचा पाला घालून बी जपणं हे सगळं तिचं. शेणखत रानात टाकणं, गोठा, दूध, पाणी यांचा हिशेब कधी कोणी केला नाही आणि मीही इथे करत बसत नाही.

या यादीत तास मोजले तर बाईचा वाटा मोठा भरेल. पण शेतीतल्या मोक्याच्या जागा दुसरीकडे होत्या: नांगर, तिफण, मोट, बाजार आणि चावडी. पहिल्या तिन्हींना बैल लागतात. बाईने नांगराला हात लावू नये हा समज देशाच्या बऱ्याच भागांत होता, आपल्याकडेही होता. लावला तर पाऊस रुसतो इथपर्यंत. बाजारात धान्याचा सौदा आणि चावडीत साऱ्याचा भरणा ही पुरुषांची कामं, कारण कागदावर नाव त्यांचं. जात आणि ऐपत यांचाही हिशेब यात आहेच. बड्या घरातली बाई रानात पाऊल टाकत नसे आणि तेच घराण्याचं मोठेपण मानलं जाई. महार, मांग, धनगर, लहान कुणबी घरांतल्या बायकांना ती चैन नव्हती. भूमिहीन घरातली बाई तर दुसऱ्याच्याच रानात खुरपत होती, मग युद्ध असो वा नसो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य १९३९ च्या सुमारे दोन लाखांवरून १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेलं. त्यात मराठी मुलूख होता, पण सगळा सारखा नव्हता. भरती मुख्यतः सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर आणि कोकणातून झाली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात मेले. त्या गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे माणगाव भागातले, नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. अशा गावांत शेतीची घडी मनीऑर्डरवर बसली. कोकणात तर ती गिरण्यांमुळे आधीच बसलेली होती. पुरुष मुंबईत किंवा पलटणीत आणि भाताची लावणी, नाचणी, गुरं बाईच्या अंगावर, ही रीत तिथे पिढ्यांची. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतही हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. निम्मा कर्ता पुरुषवर्ग कायम बाहेर असलेली शेती कशी चालते, याचा जगातला एक दीर्घ प्रयोग आपल्याच किनाऱ्यावर झाला आहे, आणि आपण त्याला फक्त ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणून मोकळे झालो.

तामलवाडीच्या बाजूला महायुद्ध भरतीच्या रूपाने कमी आणि धान्याच्या रूपाने जास्त आलं. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४३ साली बंगालात माणसं रस्त्यावर मेली. विजापूर आणि सोलापूरकडे त्याच सुमारास दुष्काळ होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं. ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम निघाली, मुंबई प्रांताने १९४४ साली कायदा करून कापसासारख्या पिकांऐवजी धान्य पेरायला भाग पाडलं. निजाम सरकारने शेतकऱ्यांवर धान्याची लेव्ही बसवली: ठरलेल्या भावाने, ठरलेलं माप, सरकारला घालायचंच. बाजारभाव चढलेला, सरकारी भाव पडलेला, आणि वसुली करणारे पाटील-पटवारी आपल्या माणसांना सांभाळून बाकीच्यांवर भार टाकणारे. सोलापूरच्या गिरण्यांना मात्र युद्धाने बरे दिवस आणले, कापडाला मागणी वाढली, आणि आसपासच्या खेड्यांतून माणूस गिरणीत ओढला गेला.

लेव्हीचा जाच घरात नेमका कुठे पोचत होता? कणगीपाशी. वर्षाची ज्वारी किती, बियाण्याला किती, सुगीच्या मजुरांना किती, आलुत्या-बलुत्याला किती, हे गणित घरातली बाई जाणत असे. या भागात धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवायची जुनी रीत होती. राशीतून लेव्ही आधी गेली की उरलेल्यात वर्ष काढायचं तिने. शेतीचा हिशेब आणि स्वयंपाकाचा हिशेब हे दोन वेगळे आहेत, असं फक्त सरकारी दफ्तराला वाटत होतं.

मग दुसरी लढाई आली. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने निजामाविरुद्ध लढा पुकारला. शिंदीची झाडं तोडायची, करोडगिरी नाक्यांवर सत्याग्रह करायचा, लेव्ही द्यायची नाही असा कार्यक्रम होता. लेव्ही न देणं हा त्यात होता ही गोष्ट महत्त्वाची. राजकारण थेट राशीवर येऊन बसलं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. भारत आणि निजाम यांच्यातल्या नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतरही गावं जळत राहिली. सीमेवरच्या गावांतले कार्यकर्ते, तरुण पोरं आणि ज्यांच्या मागे पोलीस लागले होते ते सगळे हद्दीपलीकडे सोलापूर, बार्शी भागातल्या लढ्याच्या कॅम्पांत गेले. अनेक कुटुंबंच्या कुटुंबं गाड्या भरून निघून गेली. जी राहिली त्यांच्यापुढे १९४८ चा मृग उभा होता.

या लढ्यातल्या बायका म्हटलं की दगडाबाई शेळके यांचं नाव येतं. बदनापूर भागातल्या या शेतकरी बाई घोड्यावरून फिरल्या, हत्यारं पोचवली, निरोप नेले. त्यांचं नाव घ्यायलाच हवं. पण असं एक नाव घेतलं की आपल्याला बाकीच्यांचा विसर पडायला मोकळीक मिळते, अशी मला शंका आहे. हत्यार न घेता ज्या गावातच राहिल्या त्यांनी काय केलं, हा कमी चमकदार प्रश्न आहे आणि शेतीच्या दृष्टीने जास्त मोलाचा.

कर्ता पुरुष कॅम्पात असलेल्या घरापुढे वाटा मोजक्या होत्या. पहिली सावड. तुझ्या रानात आम्ही, आमच्या रानात तू; खुरपणीला ही चालते, कारण तिथे हातांच्या बदली हात मिळतात. पण तिफणीच्या सावडीला बैलजोडी लागते. ज्या बाईकडे बैलही आहेत आणि हाकायला म्हातारा सासरा किंवा बारा-चौदा वर्षांचा पोरगा आहे तिचं निभावतं. बैल नेले गेले, विकावे लागले किंवा हद्दीपलीकडे पाठवले असतील तर तिच्याकडे बदल्यात द्यायला काही नाही. दुसरी वाट सालगडी ठेवण्याची. पण गडी मिळायला गावात गडी हवेत. तिसरी रान पडीक ठेवण्याची. चौथी बटईची: रान दुसऱ्याला अर्ध्या वाट्याने लावायचं. बी कोणाचं, खत कोणाचं यावर वाटा थोडा इकडेतिकडे होतो, पण मोठा हिशेब हाच, निम्मं पीक त्याचं.

इथे युद्धाची खरी किंमत दिसते. समजा एका घराचं दहा एकर रान आहे. खुरपणी, राखण, कणसं मोडणं ही कामं बाईने आणि तिच्या जावा-नणंदांनी आधीसारखीच केली. बटईच्या रिवाजात ही कामं पुष्कळदा दोन्ही घरांत वाटली जातात. अडलेलं काम म्हणजे नांगरट, पेरणी आणि कोळपणीचे मोजके दिवस. त्या दिवसांत तिला बैलांमागे उभं राहता येत नाही, आलं तरी गाव राहू देत नाही, म्हणून वर्षाच्या निम्म्या राशीवर पाणी. लोक म्हणतात, बायकांनी तेव्हा फार कष्ट उपसले. उपसलेच. पण कष्ट तिला नवे नव्हते, नवा होता तो निम्मा वाटा हातचा जाणं. नांगराला हात न लावण्याच्या त्या रूढीची किंमत क्विंटलांत मोजता येते, हे आपल्या अभ्यासकांनी फारसं मांडलेलं नाही.

वर नाकेबंदी. १९४८ मध्ये भारत सरकारने संस्थानाची कोंडी केली. मीठ, रॉकेल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग यांची वाट आवळली गेली. आतल्या जिल्ह्यांना ती जाणवायला वेळ लागला असेल, पण सोलापूरच्या बाजारावर जगणाऱ्या सीमेवरच्या गावांना लगेच. घरात मीठ नाही आणि दिव्यात रॉकेल नाही, या दोन्हींचा ताप चुलीपाशी होता. अंधार पडायच्या आत भाकरी उरकायची म्हणजे रानातून लवकर परतायचं, म्हणजे खुरपणीचा तास कमी. शेतीचं आणि घराचं असं एकमेकांत गुंतलेलं असतं.

१७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. कॅम्पातली माणसं परतू लागली, पेरणीचा हंगाम अजून सरलेला नव्हता. पण हे दिवस सगळ्या घरांना सारखे गेले नाहीत. या लष्करी मोहिमेनंतर, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतर, मराठवाड्यात मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्या हिवाळ्यात फिरून अहवाल दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, बाकी गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत किमान अठरा हजार माणसं मारली गेली असा त्या समितीचा अंदाज आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी विधवा केलेल्या बायका आणि त्यांच्यावरच्या सुडाने विधवा झालेल्या बायका एकाच शिवारात, एकाच वापशाची वाट पाहत होत्या. एकीचा दीर कॅम्पातून परत आला, दुसरीचं कोणीच परत आलं नाही. मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगताना यातली दुसरी बाई गाळायची, हा अर्धवट इतिहास झाला.

त्या वर्षीची येळवस डिसेंबरच्या अखेरीस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला धाराशिव, लातूर, सोलापूरकडचं अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोपी, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील. ज्वारी तेव्हा पोटऱ्यात किंवा निसवलेली असते, म्हणजे सप्टेंबरात कोणाच्या रानात पेरणी झाली आणि कोणाच्या नाही हे त्या दिवशी सगळ्यांना उघड दिसतं. ज्या भागात मोहोळच्या संशोधन केंद्राने १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी पुढे घराघरांत रुजली, तिथे ज्वारीचं रान मोकळं दिसणं म्हणजे वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न.

पुरुष परतले आणि तिफण पुन्हा त्यांच्या हाती गेली. इंग्लंडातही वेगळं झालं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये लेडी डेनमन यांनी राजीनामा दिला, कारण युद्धानंतरच्या सवलती आणि अनुदान सरकारने लँड आर्मीच्या मुलींना नाकारलं होतं. संघटना १९५० मध्ये मोडली. उरलेल्या म्हाताऱ्यांना कौतुकाचा बिल्ला मिळाला तो २००८ साली. उशीर झाला खरा, पण निदान कोणाला द्यायचा याची यादी तरी होती. गणवेश होता, नोंद होती, पगाराची पावती होती.

आपल्याकडे नोंदीची पद्धतच निराळी. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनात पुढे हैदराबाद मुक्तिलढा आला आणि सीमेवरच्या कॅम्पांतले सैनिकही त्यात बसले. ही योग्यच गोष्ट झाली. सर्वसाधारण अट सहा महिन्यांच्या कारावासाची किंवा तितकंच भूमिगत राहण्याची. कारावासाची अट बायकांना तीन महिन्यांची. ज्या घरातला पुरुष सहा महिने कॅम्पात होता तो सैनिक ठरला. त्याच सहा महिन्यांत ज्या बाईने त्याचं रान बटईने का होईना पेरून घेतलं, लेव्हीवाल्यांना तोंड दिलं, घरची पोरं जगवली, तिची अर्जात जागा एकच: सैनिकाची पत्नी, आणि नंतर सैनिकाची विधवा.

जमिनीच्या कागदावरही तसंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला लाखो बायकांचं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या रानाचा तुकडा बायकोच्या नावे करावा. बऱ्याच गावांनी केला, बऱ्याच गावांनी टाळ्या वाजवल्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के निघाल्या, आणि त्याच देशात खेड्यात काम करणाऱ्या चार बायकांपैकी तिघी शेतीत आहेत.

१९४८ साली दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीच्या आसपास आहेत. तुळजापूर, बार्शी, उत्तर सोलापूर या तालुक्यांतल्या गावांत त्यातल्या काही अजून बोलत्या आहेत. त्यांना रझाकारांबद्दल पुष्कळांनी विचारून झालं. कोणी तरी वही घेऊन बसावं आणि दुसरे प्रश्न विचारावेत: त्या सालची पेरणी कधी झाली, बैल कोणाचे होते, तिफण कोणी धरली, रान बटईने कोणाला दिलं आणि खळ्यावरून किती पोती घरी आली. तामलवाडीपासूनच सुरुवात करावी. आणि घाई करावी.